शॅमेलिऑनपालन

शॅमेलिऑनपालन म्हणजे शॅमेलिऑन या वृक्षवासी सरड्याला बंदिस्त जागेत ठेवून त्याचा आहार, निवारा व आरोग्य सांभाळणे. शॅमेलिऑनला मराठीत सरडगुहिरा व कोकणात घोयरा असेही म्हणतात. जगात त्याच्या २०० हून अधिक जाती असून त्यांपैकी जवळपास निम्म्या मादागास्कर बेटावर आढळतात. पाळण्यासाठी प्रामुख्याने येमेन व नैर्ऋत्य सौदी अरेबियातील वेल्ड शॅमेलिऑन (कमेलिओ कॅलिप्ट्राटस) आणि मादागास्करमधील पँथर शॅमेलिऑन (फर्सिफर पार्डालिस) या जाती ठेवल्या जातात. भारतात आढळणारा भारतीय शॅमेलिऑन (कमेलिओ झेलानिकस) हा संरक्षित वन्यप्राणी असल्यामुळे तो पाळता येत नाही.

स्वभाव व वैशिष्ट्ये

शॅमेलिऑनचे दोन्ही डोळे एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरतात. पायांची बोटे दोन गटांत जुळलेली असल्याने त्याला फांदी चिमट्यासारखी पकडता येते. तो जीभ वेगाने बाहेर फेकून किडा टिपतो; अनेक जातींत जिभेची लांबी शरीराच्या लांबीपेक्षा जास्त असते. परिसराशी मिळताजुळता रंग घेण्यासाठीच तो रंग बदलतो, हा समज अपुरा आहे. तापमान, भीती, प्रतिस्पर्धी नराची उपस्थिती व मीलनकाळ यांनुसारही रंग बदलतो. त्वचेतील विशिष्ट पेशींमधील सूक्ष्म स्फटिकांचे परस्परांतील अंतर कमीजास्त झाल्याने हा बदल घडतो, असे जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली पँथर शॅमेलिऑनच्या अभ्यासातून दाखवले.

हा एकलकोंडा प्राणी आहे. हातात घेतलेले त्याला मानवत नाही व वारंवार हाताळल्यास त्याच्यावर ताण येतो. त्यामुळे कुत्रा किंवा पोपट यांच्यासारखा जवळ घेण्याचा नव्हे, तर दुरून निरीक्षण करण्याचा प्राणी म्हणूनच तो ठेवला जातो.

बागेत किंवा कुंपणावर नेहमी दिसणारा, विणीच्या काळात डोके व गळा लाल होणारा सरडा (कॅलोटेस व्हर्सिकलर) हा शॅमेलिऑन नाही. तो चपळ असतो; शॅमेलिऑन झोके घेत संथ चालतो आणि त्याची शेपटी गुंडाळता येते.

कायदेशीर स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार भारतीय शॅमेलिऑन संरक्षित आहे. या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत प्राणी पकडणे व सापळ्यात अडकवणे यांचाही समावेश होतो. म्हणून शेतात किंवा रस्त्यावर सापडलेला शॅमेलिऑन हौसेने घरी आणणे हा कैद व दंडास पात्र गुन्हा ठरतो.

विदेशी शॅमेलिऑनचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ या कराराने नियंत्रित केला जातो. भारत १९७६ पासून या कराराचा सदस्य आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने या करारातील प्राण्यांसाठी स्वतंत्र अनुसूची जोडण्यात आली. त्यानुसार २०२४ साली काढलेल्या नियमांप्रमाणे असे प्राणी बाळगणाऱ्यांना केंद्र शासनाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. प्राण्याचा जन्म, मृत्यू व हस्तांतरण यांचीही नोंद करणे आवश्यक असते. त्यामुळे कागदपत्रांशिवाय विकला जाणारा शॅमेलिऑन घेणे टाळावे.

निवारा

शॅमेलिऑनला जमिनीपेक्षा उंचीवर राहणे आवडते. पूर्ण वाढ झालेल्या वेल्ड शॅमेलिऑनसाठी साधारणपणे ६० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद व १२० सेंमी उंच असा जाळीचा पिंजरा वापरतात. जाळीमुळे हवा खेळती राहते. प्रत्येक प्राण्यासाठी वेगळा पिंजरा लागतो. दोन नर एकमेकांना दिसत राहिले तरी त्यांच्यावर ताण येतो. पिंजऱ्यात निरनिराळ्या जाडीच्या आडव्या फांद्या व लपण्यासाठी दाट पाने असावीत. जास्वंदीसारखी झाडे त्यासाठी सोयीची असतात. वेल्ड शॅमेलिऑन पानेही खातो. म्हणून कण्हेरीसारखी विषारी झाडे व कीटकनाशक फवारलेली रोपे पिंजऱ्यात ठेवू नयेत.

प्रकाश व तापमान

शॅमेलिऑन शरीराची उष्णता बाहेरून मिळवतो. म्हणून पिंजऱ्याच्या वरच्या भागात एक उबदार जागा व खाली थंड जागा ठेवावी लागते. वेल्ड शॅमेलिऑनला उन्हाची जागा सुमारे ३० ते ३५ अंश सेल्सिअस, तर उरलेला पिंजरा २४ ते २९ अंश असावा. रात्री तापमान त्याहून खाली उतरणे हितकारक असते.

अतिनील-ब किरणांच्या साहाय्याने त्याच्या त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होते व त्यामुळे कॅल्शियम शरीरात शोषले जाते. खिडकीची काच हे किरण अडवते. त्यामुळे काचेतून येणारे ऊन पुरेसे ठरत नाही. विशेष दिव्यांतील हे किरण दिवा पेटत असतानाही कालांतराने क्षीण होतात. म्हणून दिव्याच्या प्रकारानुसार ६ ते १२ महिन्यांनी तो बदलतात.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील कोरड्या हवामानात ही व्यवस्था ऋतूनुसार बदलावी लागते. येथे उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. अशा वेळी उष्णतेचा दिवा बंद ठेवून पिंजरा घरातील थंड खोलीत हलवणे आवश्यक ठरते. कूलरमुळे खोलीतील उष्मा कमी होऊन आर्द्रता वाढते, परंतु त्याचा झोत थेट पिंजऱ्यावर नसावा. हिवाळ्यात रात्रीचा गारठा वाढल्यास पिंजरा गच्ची किंवा सज्जात ठेवू नये.

पाणी

जंगलात शॅमेलिऑन पानांवरील दव व पावसाचे थेंब पितो. भांड्यातील स्थिर पाणी त्याला सहसा ओळखता येत नाही. भरलेले भांडे समोर असूनही तो तहानेने मरू शकतो. म्हणून दिवसातून किमान दोनदा पानांवर पाणी फवारतात किंवा थेंबथेंब पाणी पडेल अशी सोय करतात. दोन फवारण्यांच्या मधल्या वेळेत पाने वाळू द्यावीत. सतत ओल राहिल्यास बुरशी वाढते. विष्ठेसोबत पडणारा युरेटचा भाग पांढरा असणे हे पुरेसे पाणी मिळत असल्याचे लक्षण होय. तो गडद पिवळा किंवा नारिंगी दिसल्यास अथवा डोळे खोल गेल्यास निर्जलीकरणाची शंका घ्यावी.

आहार

शॅमेलिऑन मुख्यतः जिवंत कीटक खातो. रातकिडे, नाकतोडे, पाळलेली झुरळे व रेशमाच्या अळ्या हे त्याचे नेहमीचे खाद्य होय. त्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा कीटक देऊ नये. पिलांना रोज, तर प्रौढांना एक दिवसाआड खाद्य देतात. रातकिड्यांत फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम कमी असते. त्यामुळे ते देण्यापूर्वी सुमारे २४ तास त्यांना गाजर व हिरव्या भाज्या खाऊ घालतात आणि देताना त्यांच्यावर कॅल्शियमची भुकटी लावतात. ड-३ जीवनसत्त्वयुक्त भुकटी मात्र महिन्यातून दोनदाच वापरतात, कारण त्याचा अतिरेक घातक असतो.

मराठवाड्यात कापसासारख्या पिकांवर कीटकनाशके फवारली जातात. त्यामुळे शेतातून पकडलेले कीटक देणे धोक्याचे असते. रेशमाच्या अळ्या व तुतीची पाने घेतानाही हीच काळजी घ्यावी. काजवे विषारी असल्याने ते कधीही देऊ नयेत.

आरोग्य

कॅल्शियम किंवा अतिनील-ब किरण कमी पडल्यास हाडे मऊ होऊन पाय वाकतात व जबडा लवचिक बनतो. हा विकार लहान मुलांच्या मुडदुसासारखा असतो. वाकलेली हाडे पूर्ववत होणे कठीण असल्याने प्रतिबंध हाच त्यावरील खरा उपाय होय. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, दिवसा डोळे मिटून राहणे व फांदीवरील पकड सैल होणे ही आजाराची लक्षणे आहेत. शॅमेलिऑन आजार बराच काळ लपवतो. म्हणून लक्षणे दिसताच सरीसृपांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जावे.

वेल्ड शॅमेलिऑनची मादी नराशिवायही अंडी घालते. त्यासाठी सुमारे ३० सेंमी खोल ओलसर वाळूचा डबा लागतो. तो नसल्यास अंडी शरीरात अडकून ती दगावू शकते. सरीसृपांपासून माणसाला साल्मोनेला जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून पिंजरा साफ केल्यावर हात साबणाने धुवावेत.

जंगली शॅमेलिऑन आढळल्यास

भारतीय शॅमेलिऑन विषारी नाही. तरीही विषारी समजून तो अनेकदा मारला जातो. त्याची मादी अंडी घालण्यासाठी झाडावरून उतरून जमिनीत बीळ खणते. अशा प्रवासात संथ चालीमुळे ती वाहनांखाली सापडण्याचा धोका असतो. पकडून आणलेला जंगली प्राणी बंदिवासात अनेकदा खाणेपिणे सोडतो. धडधाकट शॅमेलिऑन रस्त्यावर दिसल्यास तो ज्या दिशेने जात असेल त्याच बाजूच्या झुडपात त्याला सोडणे योग्य ठरते. जखमी असल्यास महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवता येते.