सरळ रेघ वाकडी दिसली तर…

आपल्या पालघर जिल्ह्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना वारली चित्रकलेसाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्रातला माणूस म्हणजे टोकाला टोक जुळवलेले दोन त्रिकोण, वर गोल डोके आणि काड्यांसारखे हातपाय. आकार असा मुद्दाम बदलला, म्हणूनच तारप्याभोवती फेर धरलेली माणसे खरोखर नाचताना दिसतात. ती चित्रकाराची निवड असते. डोळाच आपणहून आकार बदलू लागला, तर मात्र तो आजार समजावा.

डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग म्हणजे मॅक्युला. वाचणे, चेहरे ओळखणे ही कामे त्याचीच. वयोमानाने किंवा मधुमेहाने तिथे सूज आली, पाणी साचले, की पडदा सपाट राहत नाही. मग खिडकीचे गज मध्येच वाकलेले दिसतात, छापील ओळी लाटांसारख्या. डोळा दुखत नाही, लालही होत नाही आणि दुसरा चांगला डोळा उणीव झाकून टाकतो. वसई-विरारमधून ओपीडीत येणारे अनेक ज्येष्ठ ‘मोतीबिंदू असेल, पिकल्यावर बघू’ म्हणत थांबलेले असतात. मोतीबिंदूने धूसर दिसते. सरळ रेघ वाकत नाही.

तपासणी घरीच करता येते. गणिताच्या चौकटीच्या वहीत मधोमध ठिपका काढा. वाचायचा चष्मा लावून वही फूटभर अंतरावर धरा, एक डोळा झाका आणि ठिपक्याकडे पाहा. मग दुसऱ्या डोळ्याने. स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क आम्स्लर यांच्या तक्त्याचे तत्त्व हेच. रेघा वाकड्या, तुटक दिसल्या तर एक-दोन दिवसांतच नेत्रतज्ज्ञांना गाठा. वेळेत इंजेक्शने मिळाली, तर उरलेली नजर बहुधा टिकवता येते. नव्या सिलिंड्रिकल चष्म्यातून जमीन तिरकी वाटते, तो भिंगाचा परिणाम. काही दिवसांत सवय होते.

कानाचेही तसेच. ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ ही तक्रार बहुधा आतल्या कानातल्या सूक्ष्म पेशी झिजल्याची खूण. फाटक्या आवाजाच्या स्पीकरसारखेच, नुसता आवाज वाढवून शब्द स्पष्ट होत नाहीत. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

मधुमेह असेल तर घरच्या तपासणीवर विसंबू नका. त्रास नसला तरी वर्षातून एकदा पडद्याची तपासणी हवीच.