हावर्ट्झ लेफ्ट बॅकला का खेळला?

राष्ट्रीय संघ मैत्रीपूर्ण सामना हरला आणि त्यात एखादा नावाजलेला आघाडीपटू बचावफळीत दिसला, की सगळे प्रशिक्षकावर तुटून पडतात. नोव्हेंबर २०२३मध्ये जर्मनीचे प्रशिक्षक युलियान नागेल्समान यांनी हे पुरेपूर अनुभवलं. त्या टीकेमागचे बरेचसे समज चुकीचे होते आणि ते आजही तसेच टिकून आहेत.

‘मैत्रीपूर्ण सामन्याला किंमत नसते’ हा त्यातला सगळ्यात जुना समज. युरो २०२४चं यजमानपद जर्मनीकडे होतं आणि यजमान म्हणून त्यांना पात्रता फेरी खेळावी लागली नाही. त्यामुळे कतार विश्वचषकात गटातच गारद झाल्यापासून थेट युरोपर्यंत जर्मनीच्या वाट्याला फक्त मैत्रीपूर्ण सामने आले. संघ घडवायचा तो त्यांतूनच. सप्टेंबर २०२३मध्ये वोल्फ्सबुर्गला जपानकडून ४-१ अशी हार झाली आणि दुसऱ्याच दिवशी हान्सी फ्लिक यांना प्रशिक्षकपद सोडावं लागलं. किंमत नसलेल्या सामन्यापायी कुणाचं पद जात नाही. फिफाच्या क्रमवारीतही हे सामने धरले जातात. त्यांचं वजन कमी असतं इतकंच: आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी राखलेल्या दिवसांत खेळलेल्या मैत्रीपूर्ण सामन्याला १०, तर विश्वचषक पात्रता सामन्याला २५.

फ्लिक यांच्या जागी आलेल्या नागेल्समान यांनी १८ नोव्हेंबरला बर्लिनमध्ये तुर्कस्तानविरुद्ध आघाडीपटू काई हावर्ट्झला डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून उतरवलं. हा तोच हावर्ट्झ, ज्याच्या गोलवर चेल्सीने २०२१ची चॅम्पियन्स लीग जिंकली होती. लहर म्हणून किंवा त्याला कमी लेखून प्रशिक्षकाने त्याला मागे ढकललं, असा अनेकांचा समज झाला. मुळात कडेचा बचावपटू फिलिप लाम २०१४मध्ये राष्ट्रीय संघातून निवृत्त झाल्यापासून जर्मनीला दोन्ही कडांना भरवशाचे बचावपटू मिळत नव्हते. शिवाय खेळाडूची जागा आणि त्याचं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संघपत्रिकेवर ‘बचावपटू’ लिहिलेला खेळाडू चेंडू आपल्याकडे असताना डाव्या कडेने थेट गोलपर्यंत धावू शकतो आणि चेंडू गेला की त्याने मागे यायचं असतं. पाचव्याच मिनिटाला हे दिसलं. उजवीकडून लेरॉय सानेने चेंडू आत दिला आणि पलीकडच्या खांबापाशी मोकळा पोहोचलेला हावर्ट्झ गोल करून गेला. मागून धावत येणाऱ्या या माणसावर कुणाचीच नजर नव्हती. त्याच सामन्यात ७१व्या मिनिटाला हावर्ट्झच्याच हाताला चेंडू लागल्यामुळे मिळालेल्या पेनल्टीवर तुर्कस्तानने ३-२ असा विजय मिळवला. त्या कामाचे फायदे-तोटे दोन्ही एकाच संध्याकाळी समोर आले.

तीन दिवसांनी व्हिएन्नात ऑस्ट्रियाविरुद्ध तीच जागा, पुन्हा पराभव, ०-२. सानेला लाल कार्ड मिळाल्याने उत्तरार्धाचा बराचसा वेळ संघ दहा जणांनिशी खेळला.

‘हरले म्हणजे प्रयोग वाया गेला’ हे मला अजिबात पटत नाही. ही वाट बंद आहे, हे यजमानांना सात महिने आधी कळलं. युरोच्या गटात कळलं असतं तर? मार्चमध्ये हावर्ट्झ पुन्हा आघाडीवर आला. डावीकडे श्टुटगार्टच्या माक्सिमिलियान मिटेलश्टेटला पदार्पणाची संधी मिळाली, मधल्या फळीतला योशुआ किमिख उजव्या बाजूच्या बचावाला गेला आणि टोनी क्रोस निवृत्ती मागे घेऊन परतला. त्या संघाने ल्योंमध्ये फ्रान्सला २-० आणि फ्रँकफुर्टमध्ये नेदरलँड्सला २-१ हरवलं. युरोची सुरुवात स्कॉटलंडवर ५-१ अशा विजयाने झाली. उपांत्यपूर्व फेरीत स्पेनविरुद्ध ८९व्या मिनिटाला बरोबरीचा गोल कसा झाला ते पाहा: डावीकडून मिटेलश्टेटचा क्रॉस, उजव्या बाजूच्या किमिखने डोक्याने खाली दिलेला चेंडू आणि फ्लोरियान विर्ट्झचा फटका. दोन्ही कडांचे बचावपटू प्रतिस्पर्ध्याच्या पेनल्टी क्षेत्राशी! जादा वेळेत ११९व्या मिनिटाला मिकेल मेरिनोने जर्मनीला बाहेर काढलं, पण मार्चमध्ये बसवलेली घडी शेवटपर्यंत टिकली.

मैत्रीपूर्ण सामन्यात हवे तितके प्रयोग करता येतात, हाही एक समज. फेब्रुवारी २००३मध्ये लंडनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंग्लंडचे प्रशिक्षक स्वेन-गोरान एरिक्सन यांनी मध्यंतरात अकराही खेळाडू बदलले. सतरा वर्षांच्या वेन रूनीने त्यातच पदार्पण केलं आणि इंग्लंड १-३ असं हरलं. अशा सामन्यांची रया जाते म्हणून ओरड झाली आणि २००४मध्ये बदली खेळाडूंची मर्यादा सहावर आणली गेली. अडचण वेळेचीही असते: क्लबचा प्रशिक्षक नवी भूमिका आठवडेच्या आठवडे घोटून घेऊ शकतो. राष्ट्रीय संघाला खेळाडू मिळतात ते जेमतेम काही दिवस, तेही क्लबचे सामने खेळून थकलेले. हावर्ट्झला बचावाचे धडे गिरवायला मिळाले ते तेवढ्याच दिवसांत.