थकल्याभागल्यांचं वेळापत्रक

भीमाशंकरला शनिमंदिरापुढे एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. ती मुळात देवळाची नव्हे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला, तेव्हा तिथल्या चर्चांमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी नेल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना वाहिल्या. नाशिकला पंचवटीत नारोशंकराच्या देवळावर आहे, तीही त्यांतलीच. भाविक येता-जाता तिच्याकडे पाहतात, फोटो काढतात. पण ती जिथून आली तिथे तिचं काम जरा निराळं होतं. देवळात आपण जातो आणि आपणच घंटा वाजवतो. चर्चची घंटा कुणी येवो न येवो, ठरल्या वेळेला वाजते. आणि ती वाजली की हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवायचं, असा दंडक असतो.

सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. या प्रार्थनेला अँजेलस म्हणतात. देवदूताने मरियेला दिलेला निरोप तीन छोट्या टप्प्यांत आठवायचा, प्रत्येक टप्प्यानंतर एक ‘नमो मरिया’ म्हणायची, शेवटी एक प्रार्थना. सगळं मिळून दोन-तीन मिनिटांचं काम. फ्रेंच चित्रकार मिले याचं १८५७ ते १८५९ च्या दरम्यान काढलेलं ‘अँजेलस’ हे चित्र जगभर पोहोचलंय: बटाट्याच्या शेतात नवरा-बायको मान खाली घालून उभे, शेतीचा काटा मातीत रोवलेला, टोपली पायाशी, लांब क्षितिजावर चर्चचा मनोरा. लहानपणी शेतात असताना घंटा ऐकू आली की आजी सगळ्यांना काम थांबवून मृतांसाठी प्रार्थना करायला लावायची, त्या आठवणीतून हे चित्र आलं, असं मिलेनंच सांगून ठेवलंय. चित्रातली माणसं दमलेली आहेत, हे लगेच कळतं. पण ती दमली म्हणून थांबलेली नाहीत. घंटा झाली म्हणून थांबली आहेत.

ख्रिस्ती घरातल्या विसाव्याची मेख इथेच आहे, असं मला वाटतं. आपण सगळे विसावा कामानंतर घ्यायची गोष्ट मानतो, आणि काम कधी संपत नाही म्हणून तो राहून जातो. या घरांनी विसावा वेळापत्रकातच घालून टाकला. मन लागो न लागो, वेळ झाली की बसायचं.

गोव्यात संध्याकाळच्या या बसण्याला ‘तेर्स’ म्हणतात, वसईच्या पट्ट्यात रोझरी किंवा जपमाळ. दहा-दहा मण्यांचे पाच पदर, प्रत्येक दहाच्या आधी ख्रिस्ताच्या आयुष्यातला एक प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा. सोमवारी आणि शनिवारी आनंदाचे प्रसंग, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाचे, बुधवारी आणि रविवारी गौरवाचे. गुरुवारचा प्रकाशाचा संच नवीन; पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये तो घातला. वेगात म्हटलं तर वीसेक मिनिटांत आटोपतं. आणि वेगात म्हटलं जातंच. घरातला एक जण अर्धी प्रार्थना म्हणतो, बाकीचे उरलेली. त्याचं शेवटचं अक्षर संपायच्या आत यांचं पहिलं सुरू. धाकटं पोर तिसऱ्या पदरापर्यंत आजीच्या मांडीवर आडवं होतं. कुणाला उद्याच्या पेपरची काळजी, कुणाचं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे. बाहेरच्या माणसाला हे यांत्रिक वाटेल. पण ज्याने हरिपाठ रोज ऐकलाय, त्याला यातलं गणित सांगावं लागत नाही. तोंड शब्दांत गुंतलं की मनाला जरा मोकळीक मिळते. शेवटी मुलं थोरांचा आशीर्वाद मागतात. गोव्यात त्याला ‘बेसांव’ म्हणतात. दुपारी भांडलेल्या दोन माणसांना निदान त्या वेळी तरी एकमेकांसमोर उभं राहावं लागतं. एरवी कुणी आपणहून गेलं नसतं.

गोव्यातली लादाईन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, मात्र मोकळीढाकळी. वाड्यावरच्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, शेजारपाजार जमतो, व्हायोलिन असेल तर व्हायोलिन, नाहीतर नुसते गळे. गाणं झालं की उकडलेले चणे, खोबऱ्याचे काप, मोठ्यांना घोटभर फेणी. देवाचं आणि गप्पांचं एकाच पायरीवर होतं.

आता रविवार. आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं की रविवारची सुट्टी इंग्रजांनी आणली आणि आपण ती घेतली. कचेऱ्यांपुरतं ते खरं. गिरण्यांत मात्र ती झगडून मिळवावी लागली. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांसाठी ही मागणी लावून धरली. मालकांमध्ये इंग्रज ख्रिस्तीही होते, पण रविवारच्या पावित्र्याची आठवण त्यांना यंत्रं चालू असताना झाली नाही. अखेर १८९० च्या जून महिन्यात मुंबईच्या गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात ती आली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कारण लोखंडे यांनी पुढे केलं होतं, असं सांगतात. म्हणजे मुंबईतल्या गिरणगावाला मिळालेल्या रविवारावर चर्चपेक्षा सत्यशोधकांचा आणि जेजुरीचा हक्क अधिक.

आठवड्यातून एक दिवस विसावा घ्यायची मूळ आज्ञा यहुद्यांची आणि वार शनिवार. ख्रिस्त्यांनी पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवार धरला. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इसवी सन ३२१ मध्ये शहरांतल्या लोकांना रविवारी काम बंद ठेवायला सांगितलं, पण शेतकऱ्यांना सूट दिली: पेरणीचा वाफसा चुकला तर वर्ष वाया जाईल. वसईच्या वाडीवाल्याला हे कारण आजही पटेल. केळीला रविवार ठाऊक नसतो. मोगरा रविवारीही पहाटेच खुडावा लागतो आणि पहिल्या लोकलने दादरला पोहोचावा लागतो.

त्या आज्ञेतली यादी एकदा मुद्दाम वाचावी. बायबलच्या निर्गम या पुस्तकात सातव्या दिवशी कुणी काम करायचं नाही ते नाव घेऊन सांगितलंय: तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, जनावरं, आणि तुझ्या गावात राहणारा परका माणूस. अनुवाद या पुस्तकात तीच आज्ञा पुन्हा येते तेव्हा कारण वेगळं आहे. तुम्ही स्वतः मिसर देशात गुलाम होतात ते विसरू नका, म्हणून गड्याला आणि मोलकरणीलाही उसंत द्या. विश्रांती ही मालकाची चैन राहत नाही, ती गड्याचा हक्क होते. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या कथेत बैलाची सुट्टी लिहून ठेवलीय, बैलपोळा करणाऱ्यांना हे आवडावं.

त्या यादीत बायको मात्र नाही. ‘तू’ म्हणजे नवरा-बायको दोघं, असं भाष्यकार सांगतात, आणि ते बरोबरही असेल. पण कुठल्याही ख्रिस्ती घरात रविवारी डोकावून पाहा. सगळे मिस्साहून किंवा उपासनेहून परततात, पुरुष व्हरांड्यात पेपर उघडून बसतात, आणि ती साडी बदलून थेट मटणाच्या वाटणाला लागते. पाहुणेही नेमके रविवारीच. शिवाय सकाळी पोरांना शब्बाथ शाळेसाठी आंघोळी घालून तयार केलेलं असतंच. पाळकसाहेबांनी विसाव्यावर चाळीस मिनिटं सुंदर प्रवचन दिलं तरी त्या घरात तो कुणाच्या वाट्याला आला, हा प्रश्न उरतोच. यावर उपाय धर्मशास्त्रात शोधायची गरज नाही. रविवारी दुसऱ्या कुणी चुलीशी उभं राहावं, एवढंच.

नगरकडच्या प्रॉटेस्टंट घरांत जपमाळ नसते. तिथे विसावा गाण्यातून येतो. पेटी पुढ्यात ओढली, ‘उपासना संगीत’ उघडलं, एखादं पद, बायबलमधला एक अध्याय, कुणीतरी चार वाक्यांत स्वतःच्या शब्दांत केलेली प्रार्थना, झाली कौटुंबिक उपासना. या गाण्यांना आजचं रूप दिलं ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. अमेरिकन मराठी मिशनचं काम १८१३ पासून सुरू होतं, गीतंही होती, पण बरीचशी इंग्रजी चालींवर बेतलेली. मराठी शब्द त्या चालींत बसवायचे म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण व्हायची. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले ते अभंग, ओवी, कीर्तन सगळं बरोबर घेऊन. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, या अर्थाचं ते स्वतःच सांगत. त्यांनी शेकडो गीतं लिहिली. मंडळीत टाळ आले, ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं. एखाद्या खेड्यातली, अक्षरओळख नसलेली म्हातारी, जिला प्रवचन अर्धंच कळतं, ती टिळकांचं पद मात्र अथपासून इतिपर्यंत पाठ म्हणते आणि निंदणी करतानाही म्हणते. पुस्तक मिटलं तरी ते तिच्याजवळ राहतं.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र लिहायला घेतलं आणि १९१९ मध्ये ते गेले. थोडेच अध्याय झाले होते. उरलेला मोठा भाग त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरा केला. शाळेची पायरी न चढलेली, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं गिरवलेली ही बाई. आपण तिला ‘स्मृतिचित्रे’साठी ओळखतो आणि हसत हसत वाचतो, तिच्या दिवसात या ओव्यांसाठी वेळ कुठून निघत असेल, याचा विचार सहसा करत नाही.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनातही तसंच. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि बायका, त्यांचं खाणं, शेती, विणकाम, शाळा, आजारपणं. एवढ्या रगाड्यात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणायचं ठरवलं, तेही खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या बोलीत. संस्कृतवर इतका अधिकार असलेल्या विदुषीने जड शब्द निवडून-निवडून बाहेर काढले, हे मला त्या अनुवादाइतकंच मोलाचं वाटतं. खिळे जुळवायला आणि छपाईला मुक्तीतल्याच बायका होत्या. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, रमाबाईंची तब्येतही ढासळलेली, तरी काम थांबलं नाही. ते हातावेगळं झालं आणि थोड्याच काळात, ५ एप्रिल १९२२ ला, त्याही गेल्या. प्रेरणा म्हटली की वीज चमकावी तसं काहीतरी आपल्याला अपेक्षित असतं. केडगावला ती वर्षानुवर्षं रोज ठरल्या वेळी टेबलाशी बसत होती.

या सगळ्याला एक वेगळं वळण लोणावळ्यात मिळालं. मुंबईत १९३१ मध्ये जन्मलेले जेझुइट फादर अँथनी डिमेलो यांनी आधी पुण्यात आणि मग लोणावळ्यात ‘साधना’ नावाची संस्था चालवली. त्यांच्या शिबिरात आधी डोळे मिटून फक्त श्वासाकडे पाहायला सांगत, अंगावरच्या कपड्याचा स्पर्श कुठे कुठे जाणवतो ते टिपायला सांगत. विपश्यना केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. १९७८ मध्ये आलेलं त्यांचं ‘साधना’ हे पुस्तक जगभर वाचलं गेलं. ते १९८७ मध्ये वारले, आणि पुढे अकरा वर्षांनी व्हॅटिकनने त्यांच्या काही विचारांबद्दल वाचकांना सावध करणारं पत्रक काढलं. पुस्तकं तरीही खपत राहिली. मला विचाराल तर त्यांच्या पुस्तकांतल्या गोष्टींपेक्षा हे श्वासाचे पाठ जास्त उपयोगाचे आहेत. ज्याला शब्दांनी प्रार्थना करायचाही कंटाळा आलाय, त्याला बसायला त्यांनी एक जागा करून दिली.

शिबिर, म्हणजे यांच्या भाषेत रिट्रीट, ही प्रथा त्यांच्याही आधीची. सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोलाने तीस दिवसांच्या मौनाचा आराखडा आखून दिला. धर्मगुरू आणि सिस्टर्स दर वर्षी आठवडाभर अशा मौनाला बसतात. प्रापंचिकांसाठी दोन-तीन दिवसांचीही शिबिरं असतात. जेवताना बोलायचं नाही, फोन बंद. आलेल्यांपैकी कित्येक जण पहिल्या दिवशी बायबल उघडून चक्क पेंगतात आणि ओशाळतात. जाणते मार्गदर्शक त्यांना जागं करत नाहीत. झोपा, उद्या बघू, म्हणतात.

त्याला आधार आहे. येशू वादळात नावेच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपला होता, असं शुभवर्तमानकार मार्कने लिहिलंय. शिष्यांना जेवायलाही सवड होईना तेव्हा चला, कुठेतरी एकांतात जाऊन जरा टेका, असंही येशूने म्हटलं. ते पोहोचण्याआधीच गर्दी तिथे हजर होती, ती गोष्ट वेगळी. पण माझी आवडती कथा एलीया संदेष्ट्याची. ईजबेल राणी जिवावर उठलेली, हा पळून पळून रानात पोहोचतो, रतामाच्या एका झुडपाखाली बसतो आणि देवाला सांगतो की पुरे झालं, आता मरण दे. असं बोलून तो झोपी जातो. देवदूत येतो तो उपदेश करायला नाही. तो याला हलवून उठवतो आणि म्हणतो, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो आणि पुन्हा आडवा होतो. देवदूत चिडत नाही. दुसऱ्यांदा येऊन पुन्हा तेच: ऊठ, खा, वाट लांबची आहे. त्या दोन जेवणांवर एलीया चाळीस दिवस चालत होरेब डोंगरापर्यंत गेला, आणि तू इथे काय करतोस, हे देवाने त्याला तिथे पोहोचल्यावर विचारलं.