खडा नेमका कुठून सुटतो?

लाखेच्या बांगडीवर खडा घट्ट बसतो, त्यात कारागिराच्या हाताचा वाटा लाखेच्या चिकटपणाएवढाच असतो. छत्तीसगड हे लाख पिकवणारे देशातले एक प्रमुख राज्य. कुसुम, पळस आणि बोरीच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो स्राव सोडतात, त्याचीच ही लाख. कारागीर ती निखाऱ्यावर मऊ करतो, खडाही किंचित तापवतो आणि मग दाबून बसवतो. गरम खड्याखाली लाख नीट पसरते, कडेने थोडी वर चढते आणि निवल्यावर त्याला धरून ठेवते. खडा थंड असेल, तर त्याला टेकताक्षणी लाख गोठते आणि तो नुसता वर बसून राहतो.

रायपूरच्या मराठी घरांतली गौरी-गणपतीची आरास, रुखवत, हळदीकुंकवाची ताटे आणि कुंदन रांगोळी यांना हाच नियम लागू आहे. इथे लाखेऐवजी बाजारचे चिकटद्रव्य असते, आणि त्याची परीक्षा शहराची हवा घेते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. पुढे पावसाळ्यात हवा इतकी दमट होते की काही चिकटवलेले सुकतच नाही.

फेविकॉलसारखा पांढरा गोंद त्यातले पाणी निघून गेल्यावरच धरतो. म्हणून कागद, लाकूड, कापड किंवा कच्ची माती यांवर तो उत्तम. हे पदार्थ पाणी शोषून घेतात. स्टीलच्या ताटावर काचेचा आरसा बसवताना मात्र पाण्याला वाटच उरत नाही. वरून सुकल्यासारखा दिसणारा गोंद आत ओलाच राहतो. तिथे दोन नळ्यांतले घटक समप्रमाणात कालवायचे ॲराल्डाइट वापरावे आणि ताट पूर्ण एक दिवस हलवू नये.

ग्लू गनचे काम झटपट होते, पण थंड धातूवर तिचा गोंद थंड खड्याखालच्या लाखेसारखाच टेकताच गोठतो. ताट आधी उन्हात कोमट केले तर पकड खूप सुधारते. मात्र हा गोंद उष्णतेने पुन्हा मऊ होतो. उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलेल्या रुखवतावरचे मणी घसरतात ते यामुळेच. फेविक्विक हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते. त्याच्या वाफेने चमकत्या खड्यावर पांढुरकी झाक येते. ते थर्माकोल विरघळवते, आणि सुती कापडावर भराभर तापून बोट भाजू शकते. थर्माकोलच्या मखरासाठी पांढरा गोंदच बरा, फक्त त्याला सुकायला भरपूर वेळ द्यावा.

तरीही खडा पडलाच, तर दुसरी महागडी नळी आणण्याआधी त्याची पाठ पाहावी. या कामात याहून उपयोगाची सवय नाही. सगळा गोंद खड्याला लागून आला असेल, तर दोष तळाचा: ताटाला तेलाचा, कुंकवाचा किंवा हाताच्या घामाचा थर होता. ते साबणाने धुऊन, बारीक पॉलिश पेपरने घासून, स्पिरिटने पुसावे. गोंद ताटावरच राहिला असेल, तर खड्याची पाठ अस्वच्छ किंवा फार गुळगुळीत होती. गोंद दोन्हीकडे अर्धा-अर्धा असेल, तर तो स्वतःच कच्चा राहिला, किंवा उन्हाने मऊ झाला. आणि खड्याबरोबर रंगाची खपली आली असेल, तर गोंदाने आपले काम चोख केले. सुटला तो रंग. प्लास्टरच्या मूर्तीवर हे नेहमी घडते. अशा जागी सैल रंग खरवडून, उघड्या प्लास्टरवर पातळ केलेल्या फेविकॉलचा हात देऊन, तो वाळल्यावरच खडा लावावा.

घुंगरू, जड मोती, लोंबत्या माळा यांचा भार गोंदावर टाकू नये. सरळ ओढ चिकटद्रव्य सोसते, पण कडेपासून उचकटले की ते लवकर हार मानते. हे दोऱ्याने किंवा तारेने बांधावे. धुवायच्या ब्लाउजवर भोके असलेले कुंदन शिवावे.

पुन्हा चिकटवताना जुना गोंद दोन्हीकडून पूर्ण काढावा. पाठीला चंदेरी वर्ख असलेला खडा मात्र खरवडू नये; वर्ख निघाला की चमक जाते. तिथे नवा खडाच लावावा.