तुलांबेनचं 'लिबर्टी': ऐकीव आणि खरं

बालीच्या ईशान्य किनाऱ्यावर तुलांबेन नावाचं गाव आहे. तिथल्या काळ्या गोट्यांवरून पाण्यात शिरलं की जेमतेम तीसेक मीटरवर 'लिबर्टी' हे सुमारे १२० मीटर लांबीचं अमेरिकी मालवाहू जहाज कुशीवर पडलेलं आहे. वरचा भाग पाच मीटर खोलीवर, तळ तीसच्या आसपास. होडी लागत नाही, पाणी उबदार, शिवाय हवेची टाकी डोक्यावरून किनाऱ्यापर्यंत आणून द्यायला गावातल्या बायका आहेत. इतकं सोपं म्हटल्यावर अफवाही सोप्याच पसरतात.

जपान्यांनी ते इथेच बुडवलं, ही पहिली. ११ जानेवारी १९४२ रोजी जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने ते लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जायबंदी झालं, एवढं खरं. दोन विनाशिका ते ओढत सिंगाराजा बंदराकडे निघाल्या. पण पाणी फार शिरल्याने माल वाचवण्यासाठी ते तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवलं. तिथे ते एकवीस वर्षं पडून होतं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्या हादऱ्यांनी ते पाण्यात सरकलं. युद्धाने जखमी केलं, बुडवलं ज्वालामुखीने.

नावावरून अनेकजण त्याला दुसऱ्या महायुद्धातल्या घाऊक 'लिबर्टी शिप'पैकी एक समजतात. त्या मालिकेतलं पहिलं जहाज १९४१ मध्ये पाण्यात उतरलं. हे बांधलेलं १९१८ चं.

आता पाठीवरच्या टाकीबद्दल. आपल्याकडे सर्रास 'ऑक्सिजन सिलिंडर' म्हणतात. त्यात असते ती तुमचीआमची हवाच, फक्त दाबून भरलेली: सुमारे २१ टक्के ऑक्सिजन, बाकी मुख्यतः नायट्रोजन. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलात तर तो विषारी ठरून झटके येऊ शकतात. आणि 'टाकी तासभर पुरते' हेही खोलीवर अवलंबून. वीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट, म्हणून तीच हवा एक तृतीयांश वेळ पुरते.

सगळ्यांत घातक समज मात्र उथळपणाचा. 'पाच-दहा मीटरच तर आहे, काय होणार?' समुद्रात दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो. म्हणजे वीस मीटरवरून दहावर आलात तर दाब तिनाचा दोन होतो, दहावरून वर आलात तर थेट निम्मा. दहा मीटरवर छाती भरून घेतलेला श्वास रोखून वर आलं, तर तीच हवा फुप्फुसात दुप्पट जागा मागते. दीड-दोन मीटरवरूनही असं केल्याने फुप्फुस फाटू शकतं. त्यामुळे स्कूबात पहिला नियम एकच: श्वास कधीही रोखायचा नाही. पोहणाऱ्या माणसाला तो उलटा वाटतो, कारण त्याची सवय नेमकी श्वास धरण्याची असते. पट्टीच्या पोहणाऱ्यांनी म्हणूनच जास्त जपावं.

तारकर्लीत प्रशिक्षकाचा हात धरून डुबकी मारलेले काहीजण आपण शिकलो असं धरून चालतात. ती ओळख झाली, प्रशिक्षण नव्हे. अशी ओळख-डुबकी साधारण बारा मीटरपर्यंतच असते. पहिलं प्रमाणपत्र अठरा मीटरपर्यंतचं. 'लिबर्टी'चा खालचा भाग दोन्हींच्या पलीकडे आहे. वरच्या भागातल्या प्रवाळांत आणि माशांत एक डुबकी कशी संपते कळत नाही, त्यामुळे तळ गाठण्याचा हट्ट मला तरी अनाकलनीय वाटतो.

जहाज मोडून उघडं पडलं आहे, सांगाड्याच्या फटींतून उजेड येतो, म्हणून आत शिरणं निर्धोक वाटतं. गंजलेले पत्रे, खाली बसलेला गाळ आणि डोक्यावर छत या तिन्हींसाठी वेगळं प्रशिक्षण लागतं. वेटसूटही थंडीपुरता नसतो. उबदार पाणीसुद्धा हवेच्या कितीतरी पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं, आणि त्या पत्र्यांपासून व डंख करणाऱ्या जीवांपासून कातडी तोच वाचवतो.

शेवटी परतीच्या तिकिटाचं. शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू निघतो, विमानात मात्र हवेचा दाब कमी असतो. म्हणून एका साध्या डुबकीनंतर किमान बारा तास, अनेक डुबक्यांनंतर किमान अठरा तास विमानात बसू नका. बालीहून मुंबईची तिकिटं काढताना शेवटचा दिवस कोरडा ठेवा.