वेण्णाकाठचे हिमकण

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या कुटुंबांना हिवाळ्यातील एक-दोन दिवसांच्या सुट्टीत सहज गाठता येणारे उंच ठिकाण म्हणजे पसरणी घाटापलीकडचे महाबळेश्वर होय. ते समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर असून, वर चढणारी हवा प्रसरण पावून थंड होत असल्यामुळे तेथे पिंपरीपेक्षा अधिक गारठा जाणवतो.

मुलांना मुद्दाम दाखवावी अशी गोष्ट मात्र वेण्णा तलावाच्या काठी, सूर्योदयापूर्वी घडते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे झपाट्याने सोडते, जड झालेली थंड हवा उतारांवरून तलावाच्या खोलगट भागात साचते आणि गावातील तापमापक शून्याच्या बराच वर असतानाही गवत, पाने व मोटारींचे टप यांवरील दव गोठून पांढरे हिमकण तयार होतात. ऊन चढताच ते विरघळतात. म्हणून पहाटेची झोप मोडणे येथे खरोखर सार्थकी लागते, आणि नौकाविहार व घोडेस्वारी त्यानंतर निवांत करता येते.

डिसेंबरपासून स्ट्रॉबेरीचे मळे बहरतात. या फळाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित गुणवत्तेची कायदेशीर ओळख, मिळाले. पाचगणीजवळचे भिलार २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ झाले असून, तेथील घराघरांत बसून मराठी पुस्तके मोफत वाचता येतात. वाचत्या मुलांच्या पालकांनी दुपार त्यासाठीच राखून ठेवावी.