कंबर तिची, निर्णय कोणाचा?



ऊस, पाणी आणि खत यांवर या अंकातून आपण नेहमी बोलतो. या खेपेस घरातल्या एका दुखण्यावर लिहीत आहोत. भांगलण, वैरणीचा भारा, वाढ्यांच्या पेंढ्या आणि धारेला उकिडवे बसणे यांत कंबर झिजते ती बहुधा आपल्या घरच्या बाईचीच.

आमच्या मंडळीचे वय पंचावन्न. दोन वर्षे शेक झाला, तेल झाले, पट्टा झाला, शेजारच्या गावी जाऊन मणका ‘बसवून’ घेणेही झाले. मागच्या हंगामात आमच्या उसाला तोड आली त्याच आठवड्यात तिचा डावा पाय बधिर होऊ लागला. शे-दोनशे पावले चालली की पोटऱ्या भरून येत. खाली बसली की आराम. एम.आर.आय. काढला. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधील गादी झिजलेली, नसांची वाट अरुंद झालेली. पहिल्या डॉक्टरांनी फिल्म पाहिली आणि सांगितले, “स्क्रू घालून मणके जोडावे लागतील. लवकर करा.” खर्चाचा आकडा ऐकून उसाचा पहिला हप्ता डोळ्यांपुढून गेला.

घरात रोज सभा भरू लागली. थोरले बंधू म्हणत, करून मोकळे व्हा. मेहुणे म्हणत, मणक्याला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळलाच. मुलगा मोबाईलवर रोज नवा उपाय दाखवी. एका रात्री भाकरी वाढता वाढता मंडळी म्हणाली, “अवो, कंबर माझी दुखतीया. मला इचारलंय का कुणी?”

आम्ही गप्प झालो. पाण्याची मोटार घेताना चार दुकाने हिंडणारे आम्ही, इथे एकाच शब्दावर निघालो होतो.

दुसऱ्या डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवली आणि थेट तिलाच विचारले, “मावशी, कंबर जास्त दुखते का पाय? पुढं वाकलं की बरं वाटतं का?” तिला टाचांवर, चवड्यांवर चालायला लावले. पायात ताकद शाबूत होती.

मग त्यांनी समजावले. गादीची झीज केस पिकण्यासारखी असते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, काहीच दुखत नसलेल्या विशीतल्या १०० जणांत ३७ जणांच्या आणि ऐंशीतल्या १०० जणांत ९६ जणांच्या मणक्यांत ती आढळली होती. म्हणून नुसत्या फोटोवर ऑपरेशन ठरत नाही. नस दाबून पाय दुखत असेल तर वाट मोकळी करण्याचा उपयोग होतो. नुसत्या कंबरदुखीत तेवढी खात्री नसते. वाट मोकळी करताना प्रत्येकाचे मणके जोडावेच लागतात असेही नाही. स्वीडनमध्ये अशा रुग्णांची दोन गटांत तुलना केली, तिचे निष्कर्ष २०१६ साली आले. मणके जोडलेल्यांना दोन वर्षांनी जास्तीचा फायदा दिसला नाही.

निर्णय मंडळीने घेतला. “तीन महिनं व्यायाम करते. पाय लुळा पडाय लागला तर मग कापा.”

आम्हालाही बदलावे लागले. धार आता मुलगा काढतो. भारा आणि युरियाचे ४५ किलोचे पोते तिच्या वाटणीतून गेले. सकाळी पोटाचे, कमरेचे व्यायाम आणि रोज थोडे चालणे. अंथरूण धरून पडायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. पूर्वी ती मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन बसे, आता एस.टी. थांब्यापर्यंत न बसता जाते. दुखणे गेलेले नाही. काही रात्री पाय वळतो, झोप मोडते. ऑपरेशनचा विषय संपलेला नाही. चालणे पुन्हा कमी झाले तर करायचे, हे दोघांत ठरले आहे.

सभासदांना विनंती एवढीच. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरता आली किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी होऊ लागली, तर व्यायामाची वाट न पाहता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. तिथे उशीर महागात पडतो. एरवी घाई नको. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. काय करणार, का करणार, न केल्यास काय होईल आणि खर्च किती, हे विचारावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते उपचार बसतात का, याची रुग्णालयात आधीच चौकशी करावी.

आणि घरात सभा भरवायची तर जिची कंबर आहे तिला आधी बोलू द्यावे.